आजाराची फाईल ही अमानत आहे

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवतो. शाळा सुटल्यावर दुसरी शाळा भरते ती माझ्या ओट्यावर. लाईटबिल, बँकेची नोटीस, तहसीलचा दाखला, जे काही मराठीत येते आणि ज्याचा अर्थ लागत नाही ते घेऊन मोहल्ल्यातली माणसे येतात. मागच्या हिवाळ्यात गल्लीतल्या एक खाला असाच कागद घेऊन आल्या. वय साठीच्या पुढे, पंधरा वर्षांचा मधुमेह, आता किडनीवर परिणाम झालेला. शहरातल्या एका मोठ्या रुग्णालयात त्यांचे उपचार चालतात.

"बेटा, ये पढ के बता. डाक्टर बोले किसी पढेलिखे की सही ला के दो. अंगूठा मैं लगा देती."

ते संमतीपत्र होते. मधुमेहाच्या रुग्णांच्या जुन्या फायली आणि तपासण्यांचे रिपोर्ट घेऊन कुणाची किडनी कधी आणि का बिघडते याचा अभ्यास करायचा होता, त्यासाठी खालांची परवानगी हवी होती. चार पाने, दोन इंग्रजीत, दोन मराठीत. मराठी पानांवर 'अनामिकीकृत विदा', 'दुय्यम विश्लेषण', 'प्रायोजक संस्था' असे शब्द. मी वीस वर्षे मराठी शिकवतो, तरी मला ती पाने दोनदा वाचावी लागली. बी.एड.ला आम्हाला शिकवले होते की अर्ध्या वर्गाला प्रश्न कळला नाही तर आधी प्रश्न तपासा, मुले नंतर. या कागदाला तोच नियम लावावा असे वाटले.

आणि खाला अडाणी नाहीत. सातवीपर्यंत उर्दू शाळेत शिकल्या आहेत. त्यांचे उर्दू अक्षर माझ्यापेक्षा सुंदर आहे. पण कागद उर्दूत नव्हता म्हणून त्यांच्या वाट्याला अंगठा आला. शेवटच्या पानावर 'निःपक्ष साक्षीदार' अशी रेघ होती. तिथे माझी सही हवी होती.

माझ्या तोंडावर पहिले उत्तर आले होते, "नको खाला, काही देऊ नका." ते मी गिळले. ते का आले आणि का गिळले, हेच या लेखात सांगायचे आहे.

कोरोनाच्या काळात आम्हा शिक्षकांना घरोघरी सर्वेक्षणाला पाठवले होते. ताप, ऑक्सिजन, घरात कुणाला बीपी, शुगर, टीबी, दमा आहे का, हे विचारून लिहायचे. त्याआधी काही महिने नागरिकत्वाच्या प्रश्नावरून मोहल्ल्यात भीती होती. कागद-पेन घेऊन आलेल्या माणसाला लोक दार उघडत नव्हते. मला ओळखत होते म्हणून उघडले. एका घरात मुलीला टीबी होऊन गेला होता. औषधांचा कोर्स पूर्ण, मुलगी ठणठणीत. तिची आई सांगायला कचरत होती. मी म्हणालो, "आपा, ये कहीं नहीं जाएगा. मेरी जबान है." तिने सांगितले, मी लिहिले.

आठवडाभरात त्या पानाचा फोटो व्हॉट्सअॅपवर फिरत होता. अक्षर माझे होते. पान कुणाच्या टेबलावरून, कुणाच्या मोबाईलमधून बाहेर गेले हे आजतागायत कळले नाही. कुणी विचारले नाही, कुणाला शिक्षा झाली नाही. त्या मुलीचा ठरलेला रिश्ता मोडला. मी फोटो काढला नव्हता, पण जबान मी दिली होती. तिची आई दोन गल्ल्या पलीकडे राहते. समोरून आली तर अजूनही सलाम करते. मला मान वर करता येत नाही.

म्हणून खालांचा कागद पाहताच 'नको' हा शब्द जिभेवर आला. हा शब्द आपल्या मोहल्ल्यांत फार जणांच्या जिभेवर आहे, आणि तो भित्रेपणातून आलेला नाही, अनुभवातून आलेला आहे. तरीही ते उत्तर अपुरे आहे.

संशोधनाला रुग्णांच्या नोंदी लागतात, हे काही आजचे नाही. हजार वर्षांपूर्वी रय शहरातले हकीम अबू बक्र अल-राझी आपल्या रुग्णांची टिपणे ठेवत. त्यांच्या मृत्यूनंतर त्या टिपणांचा 'अल-हावी' हा प्रचंड ग्रंथ झाला आणि पुढे लॅटिन भाषांतरातून युरोपातही वाचला गेला. त्यांच्या टिपणांत अब्दुल्ला बिन सवादा नावाचा एक रुग्ण आहे. त्याला वेगवेगळ्या अंतराने ताप येई. शेवटी लघवीतून पू गेला आणि दुखणे मूत्रपिंडातले आहे हे स्पष्ट झाले. हिवतापासारख्या वाटणाऱ्या तापाचे खरे कारण कसे हाती लागले, हे त्या एका नोंदीतून पिढ्यान् पिढ्यांचे वैद्य शिकले. आपण इस्लामी वैद्यकाचा अभिमान सांगतो तेव्हा तो अभिमान अशाच रुग्णांच्या नोंदींवर उभा असतो. पण दुसरी बाजूही पाहा. हजार वर्षांनंतर माझ्यासारख्या परक्या माणसाला त्या बिचाऱ्याच्या लघवीत काय होते हे नावानिशी ठाऊक आहे. त्याला कुणी विचारले होते का? ज्ञान आणि इज्जत हा झगडा तेवढाच जुना आहे.

जवळची उदाहरणे घेऊ. माझ्या आजोबांच्या पिढीत टीबी झाला की माणूस घर सोडून मिरजेच्या बाजूला सॅनेटोरियमला जाई आणि महिनोन्‌महिने परतत नसे. गरिबाला तेही परवडत नव्हते. १९५६ मध्ये मद्रासला एक अभ्यास सुरू झाला. झोपडवस्तीतल्या गरीब रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला सॅनेटोरियममध्ये ठेवले, दुसऱ्याला तीच औषधे घरी राहून दिली, आणि दोन्ही गटांच्या तपासण्यांच्या नोंदी ठेवल्या. घरच्यांना लागण होते का, तेही पाहिले. १९५९ मध्ये निष्कर्ष आला : घरी राहून घेतलेले उपचार जवळपास तेवढेच गुणकारी, आणि घरच्यांना त्यामुळे जास्त धोका नाही. रुग्ण होते एकशे त्र्याण्णव. एवढ्याशा माणसांच्या फायलींनी जगभरच्या टीबीच्या उपचारांची दिशा बदलली. त्या मुलीला टीबी झाला तेव्हा ती आईच्या घरी राहून बरी झाली, त्यामागे मद्रासच्या त्या अनोळखी रुग्णांच्या नोंदी आहेत.

दुसरे उदाहरण आपल्या मराठवाड्याच्या वेशीवरचे. सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीला १९८७ मध्ये देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांतल्या ३४६ गावांत कुणाला कोणता कर्करोग झाला याची नोंद ठेवणे हे तिचे काम. खेड्यातल्या बायकांमध्ये गर्भाशयमुखाचा कर्करोग किती आहे आणि तो किती उशिरा कळतो, हे अशा नोंदींतून पुढे आले. मग शेजारच्या उस्मानाबाद (आजच्या धाराशिव) जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा मोठा अभ्यास झाला. गावांचे ५२ समूह केले. काहींना एक प्रकारची तपासणी, काहींना दुसरी, काहींना तिसरी, आणि एका गटाला फक्त माहिती व नेहमी मिळतात ते उपचार. २००९ मध्ये निकाल जाहीर झाला. ज्या गटाची एचपीव्ही विषाणूची तपासणी एकदाच झाली होती त्यात या कर्करोगाने ३४ स्त्रिया गेल्या. ज्या गटाची तपासणी झाली नव्हती त्यात ६४. आज जगभर एचपीव्ही तपासणीचा आग्रह धरला जातो, त्यात उस्मानाबादच्या या बायकांचा वाटा आहे.

पण त्या चौसष्ट जणींचे काय? तपासणी न मिळालेल्या गटाबद्दल नंतर जगभर वाद झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. आकड्यांमागे माणसे आहेत, हे संशोधकाने विसरायचे नसते. मला एवढेच म्हणायचे आहे की 'संशोधन म्हणजे फसवणूक' हे जितके खोटे, तितकेच 'संशोधन म्हणजे सगळे चांगलेच' हेही खोटे.

आता फायलीच्या रक्षणाकडे येऊ. "नाव काढून टाकतो, मग काळजी कसली?" असे सर्रास सांगितले जाते. नाव काढणे पुरेसे नाही. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने नव्वदच्या दशकात सरकारी कर्मचाऱ्यांच्या दवाखान्याच्या नोंदी नावे काढून संशोधकांना दिल्या. लटान्या स्वीनी नावाच्या विद्यार्थिनीने वीस डॉलरला मतदार यादी विकत घेतली. जन्मतारीख, पिनकोड आणि स्त्री की पुरुष, एवढ्या तीन गोष्टी जुळवून तिने थेट राज्याच्या गव्हर्नरची नोंद शोधून काढली. तिचा पुढचा हिशोब असा होता की, अमेरिकेतले ८७ टक्के लोक या तीन गोष्टींवरून बहुधा ओळखता येतात.

आपल्याकडे तर तेवढेही लागत नाही. 'प्रभाग अमुक, स्त्री, वय ५२, शिवणकाम, टीबी' एवढे लिहिले की आमच्या गावात पानवालाही नाव सांगेल. म्हणून चांगल्या अभ्यासात नावाच्या जागी सांकेतिक क्रमांक असतो. नाव आणि क्रमांक जुळवणारी यादी वेगळी, कुलपात ठेवतात. वय नेमके न लिहिता गटात लिहितात, गावाऐवजी जिल्हा लिहितात. कर्करोग नोंदणीसारख्या कामात नाव पूर्ण टाळता येत नाही. एकच रुग्ण दोन रुग्णालयांत दोनदा मोजला जाऊ नये म्हणून ते लागतेच. तिथे कुलूप आणखी पक्के हवे.

कुलपाचाही भरवसा किती? नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सच्या सर्व्हरवर सायबर हल्ला झाला. देशातल्या एका मोठ्या सरकारी रुग्णालयात कित्येक दिवस नोंदी हाताने लिहाव्या लागल्या. आणि आता आभा क्रमांकाच्या रूपाने प्रत्येकाची आरोग्य-फाईल डिजिटल होत आहे. नियमाप्रमाणे तो ऐच्छिक आहे. पण खिडकीवरचा माणूस "आधार द्या, आभा काढतो" म्हणतो तेव्हा 'ऐच्छिक' हा शब्द रांगेतल्या माणसापर्यंत पोचत नाही.

कायदा काय म्हणतो? २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सांगितले. २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला. आधीच्या मसुद्यांत आरोग्याची माहिती 'संवेदनशील' म्हणून वेगळी धरली होती. मंजूर झालेल्या कायद्यात तो भेद राहिला नाही. म्हणजे खालांचा किडनीचा रिपोर्ट आणि त्यांनी कोणत्या दुकानातून साडी घेतली ही माहिती, दोन्ही एकाच तागडीत. संशोधनासाठी माहिती वापरायची असेल, त्यावरून त्या माणसाबद्दल काही निर्णय घ्यायचा नसेल आणि ठरवलेली मानके पाळली जात असतील, तर या कायद्यातून सूट आहे. माहिती फुटली तर दंड २५० कोटी रुपयांपर्यंत होऊ शकतो, पण तो सरकारी तिजोरीत जातो. ज्या मुलीचा रिश्ता मोडला तिच्या हातात त्यातला एक रुपयाही येत नाही. एचआयव्ही आणि मानसिक आजार यांच्यासाठी २०१७ च्या कायद्यांत गुप्ततेचा हक्क स्पष्ट लिहिला आहे. टीबीसाठी असा वेगळा कायदा नाही.

त्यातल्या त्यात रुग्णाच्या बाजूचा कागद म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची नीतितत्त्वे. त्यात लिहिले आहे की संमतीपत्र रुग्णाला समजेल त्या भाषेत हवे. नकार दिला म्हणून उपचारात फरक पडता कामा नये. वाचता येत नसेल तर संशोधकांशी संबंध नसलेला साक्षीदार समजावून सांगण्याच्या वेळी हजर हवा. आणि प्रत्येक संशोधनाला परवानगी देणाऱ्या नीतिसमितीत डॉक्टरांबरोबर एक सामान्य, वैद्यकाबाहेरचा माणूसही हवा.

हे वाचल्यावर मला दोन गोष्टी कळल्या. एक, खालांच्या घरी बसून साक्षीदार म्हणून सही करणे म्हणजे खोटी साक्ष देणे. समजावून सांगितले तेव्हा मी तिथे नव्हतोच. दोन, नीतिसमितीतली ती सामान्य माणसाची खुर्ची आपल्यासाठीही आहे. आपल्या समाजात निवृत्त शिक्षक आहेत, वकील आहेत, समाजकार्य शिकलेल्या मुली आहेत. किती जणांनी त्या खुर्चीचे नाव ऐकले आहे? मदरसा, कब्रस्तान आणि शादीखान्याच्या कमिट्यांवर जागेसाठी आपण भांडतो. जिथे आपल्या आजाराच्या कागदांचा फैसला होतो त्या कमिटीचे आपल्याला नावही माहीत नसते.

काही मित्र म्हणतात, "सर, आपली माहिती दिलीच नाही तर सुरक्षितच राहू ना?" नाही राहणार. २००६ मध्ये सच्चर समितीचा अहवाल आला तेव्हापासून आपण त्यातले आकडे भाषणांत सांगतो, निवेदनांत लिहितो. ते आकडे कुठून आले? कुणीतरी दार उघडले, कुणीतरी प्रश्नांना उत्तरे दिली, म्हणून आले. आजाराचेही तसेच आहे. यंत्रमागाच्या धुळीत खोकणारा, भंगार फोडणारा, विड्या वळणारी बाई, यांच्या फायली अभ्यासात नसतील तर त्यांच्या आजारावर औषध शोधायचे कुणाला सुचणार? जो मोजला जात नाही त्याच्यासाठी खाटाही मंजूर होत नाहीत. अंधारात लपून राहिल्याने माणूस सुरक्षित होत नाही, फक्त दिसेनासा होतो.

पण दार उघडायचे तर बाहेरच्यानेही पाय पुसून आत यायला हवे. इंग्लंडने याचा धडा घेतला आहे. तिथे २०१३ मध्ये सगळ्या नागरिकांच्या दवाखान्याच्या नोंदी एकत्र करायची 'केअर डॉट डेटा' नावाची योजना आणली. लोकांना नीट सांगितले नाही, विमा कंपन्यांच्या हाती माहिती जाईल अशी भीती पसरली, दहा लाखांहून जास्त लोकांनी नकार कळवला आणि २०१६ मध्ये योजना बंद करावी लागली. त्याच देशात २०२० मध्ये कोरोनाच्या रुग्णांची संमती घेऊन आणि त्यांच्या नोंदी जोडून 'रिकव्हरी' नावाची चाचणी झाली. काही महिन्यांत कळले की डेक्सामेथासोन या स्वस्त, जुन्या औषधाने व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांतले मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी होतात. आपल्याकडच्या वॉर्डांतही ते औषध वापरले गेले. देश तोच, फायली त्याच. विश्वास होता तिथे काम झाले, नव्हता तिथे गाडे अडले.

म्हणून माझे मागणे साधे आहे. संमतीपत्र रुग्णाच्या भाषेत आणि बोलीत असावे. आमच्याकडे ते उर्दूतही असावे, आणि मराठीत लिहायचे तर आठवीच्या मुलाला कळेल असे लिहावे. उपचाराचा कागद वेगळा, संशोधनाचा वेगळा असावा. या अभ्यासासाठी 'हो' म्हणजे पुढच्या प्रत्येक अभ्यासासाठी 'हो' नव्हे, हे स्वच्छ लिहावे. रुग्णांच्या नावांची यादी कोणत्याही कर्मचाऱ्याच्या खासगी मोबाईलमध्ये जाऊ नये. गेली तर जबाबदार कोण ते शोधावे आणि ज्याचे नुकसान झाले त्याला भरपाई मिळावी. आणि अभ्यास संपल्यावर काय सापडले ते ज्यांच्या फायली वापरल्या त्यांना येऊन सांगावे. आपल्याकडे कुणी अमानत ठेवली तर तिचा हिशोब मालकाला द्यायचा असतो. त्यात खयानत करणाऱ्याला आपण काय म्हणतो हे वेगळे सांगायला नको.

पुढच्या तारखेला मी खालांबरोबर रुग्णालयात गेलो. तरुण डॉक्टरीणबाई होत्या, घाईत होत्या, पण मी "साक्षीदार म्हणून समोर ऐकायचे आहे" म्हटल्यावर खुर्ची ओढून बसल्या. खालांनी तीन प्रश्न विचारले, मी मराठीत सांगत गेलो. माझी फाईल कोण कोण बघणार? नाही म्हटले तर दवा बंद होईल का? आणि तुम्हाला जे सापडेल ते मला सांगणार का?

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे मिळाली. फाईल या अभ्यासातले तिघे पाहणार, नाव लिहिणार नाहीत, क्रमांक लिहिणार. नाही म्हटले तरी उपचार चालूच राहणार. तिसऱ्या प्रश्नावर त्या थांबल्या. म्हणाल्या, "हे आम्हाला आजवर कुणी विचारलं नव्हतं. मी सरांना विचारते." मला ते उत्तर आवडले. खोटे आश्वासन देण्यापेक्षा बरे. मी एकदा दिले होते, त्याची किंमत मला माहीत आहे.

खाला थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "मेरी बहू को भी शक्कर है. उस के काम आएगा तो लेव." या अभ्यासापुरते त्यांनी हो म्हटले. पुढच्या अभ्यासांच्या चौकटीत मला 'आधी विचारावे' असे लिहायला लावले. टेबलावर शाईचे पॅड तयार होते. त्यांनी ते बाजूला सरकवले आणि उर्दूत, सावकाश, पूर्ण नाव लिहिले.

त्याखाली मला सही करायची होती. पेन हातात घेतल्यावर मला ते व्हॉट्सअॅपवरचे पान आठवले. अक्षर तेच होते. मी सही केली, तारीख घातली, वेळही लिहिली, आणि नीतिसमितीचा फोन नंबर खालांच्या फाईलच्या आतल्या बाजूला मोठ्या आकड्यांत लिहून दिला.